दलदलीला वळसा

गावाला नाव नव्हतं, नंबर होता. नऊ.

१८५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात सॅव्हाना बंदरातून नैऋत्येकडे एक लोहमार्ग निघाला होता. किनारा मागे पडला आणि तो पाइनच्या जंगलात शिरला. तिथे थांबे तर हवेत, पण त्यांना नाव द्यायला गावंच नाहीत. आपल्याकडे रेल्वे आली तेव्हा गावं शेकडो वर्षं बसलेली होती. स्टेशन गावापासून दोन कोस लांब पडलं तरी पाटीवर नाव गावाचंच लागलं. जॉर्जियाच्या या कोपऱ्यात उलटं झालं. आधी स्टेशन, मग गाव आणि सगळ्यात शेवटी नाव. तोवर थांब्यांना आकडे. आज होमरव्हिल म्हणतात ते गाव तेव्हा नंबर अकरा होतं. त्याच्या अलीकडे, सटिला नदी ओलांडल्यावर लागणारा नंबर नऊ म्हणजे आजचं वेक्रॉस.

रूळ नैऋत्येकडे का वळले, सरळ दक्षिणेला फ्लोरिडात का उतरले नाहीत, हे नकाशा उघडला की कळतं. वेक्रॉसच्या दक्षिणेला काही मैलांवर ओकेफिनोकी सुरू होते. ४ लाख ३८ हजार एकरांची दलदल; मुंबई शहर आणि उपनगरं एकत्र केली तर त्यांच्या जवळजवळ तिप्पट. उत्तर-दक्षिण अडतीस मैल, पूर्व-पश्चिम पंचवीस. ही दलदल म्हणजे समुद्रकाठचा खारा चिखल नव्हे. समुद्रसपाटीपासून शंभर-सव्वाशे फुटांवर असलेली ही एक उथळ बशी आहे. तिच्या पूर्वेला ट्रेल रिज नावाचा वाळूचा लांबच लांब दांडा आहे. कधीकाळी समुद्र तिथपर्यंत होता, त्या किनाऱ्याची ही वाळू. समुद्र मागे गेला, वाळूचा बांध राहिला आणि बांधामागे पावसाचं पाणी साचत गेलं. पाण्यात झाडं उगवली, पडली, कुजली. त्या कुजक्या पाल्यालाकडाचा थर, ज्याला पीट म्हणतात, काही ठिकाणी पंधरा फूट जाड आहे.

या पीटची एक तऱ्हा जवळून पाहण्यासारखी आहे. तळाशी कुजताना वायू तयार होतो, तो साठत जातो आणि एक दिवस पीटचा अख्खा तुकडा तळापासून सुटून फुगलेल्या पुरीसारखा वर येतो. तो पाण्यावर तरंगतो. त्याच्यावर आधी गवत येतं, मग झुडपं, मग सायप्रसची रोपं. काही वर्षांनी ते बेटच वाटू लागतं. पण त्यावर पाय ठेवून जरा दाब दिला की जमीन हलते, आणि चार हातांवरचं झाडही मान डोलावतं. ओकेफिनोकी हे नाव हिचिटी या मूळनिवासी भाषेतलं. त्याचा लोकप्रिय अर्थ ‘थरथरती भूमी’. भाषेचे जाणकार ‘थरथरतं पाणी’ किंवा ‘बुडबुडणारं पाणी’ म्हणतात. अशा जागेवर भूमी कुठे संपली आणि पाणी कुठे सुरू झालं, हा वाद तसा निरर्थकच. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं. पाल्यातलं टॅनिन उतरून ते आम्ल झालेलं असतं, आणि त्यामुळे ते टिकतंही. इथून निघणाऱ्या सेंट मेरीज नदीचं पाणी जुन्या काळी जहाजांवर भरून घेत, कारण लांबच्या सफरीत ते लवकर नासत नसे.

दलदलीतून दोन नद्या निघतात. सेंट मेरीज आडवळणं घेत अटलांटिक महासागराला मिळते. सुवानी पश्चिमेकडून बाहेर पडून मेक्सिकोच्या आखातात जाते. एका बशीतलं पाणी दोन समुद्रांना. आणि सॅव्हानाच्या लोहमार्गाशी पुढे जी कंपनी एकत्र झाली, तिचं नाव होतं अटलांटिक अँड गल्फ रेलरोड. समुद्र आणि आखात जोडायचं काम दलदल हजारो वर्षं बसल्या जागी करत होती. तेच करायला कंपनीला दलदलीलाच वळसा घालावा लागला.

या भूमीवर मूळच्या क्रीक आणि सेमिनोल लोकांचा वावर होता. १८३८ मध्ये जनरल चार्ल्स फ्लॉइडची फौज सेमिनोलांना हुसकावण्यासाठी दलदलीत शिरली आणि आरपार गेली. हाती फारसं कुणी लागलं नाही, पण आतल्या एका बेटाला फ्लॉइडचं नाव लागलं, आणि काठाकाठाला लष्करी ठाण्यांची नावं राहिली. काठावरच्या रेसपाँड या वस्तीत म्हणे रिकामटेकडे सैनिक तळ्याभोवती घोड्यांच्या शर्यती लावत.

रूळ १८६१ मध्ये थॉमसव्हिलला पोचले, आणि त्याच वर्षी यादवी युद्ध पेटलं. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं कोंडली. सॅव्हानाचा कापूस गोदीतच पडून राहिला. त्या कापसाअभावी लँकेशायरच्या गिरण्यांची जी उपासमार झाली, तिच्यावर मुंबई चार वर्षं गब्बर झाली. प्रेमचंद रायचंद आणि बॅक बेच्या भरावाचे शेअर हा सगळा त्याच कोंडीचा नफा. १८६५ मध्ये युद्ध संपलं आणि मुंबईचा फुगा फुटला. समुद्रात भराव घालून जमीन कमावण्याची स्वप्नं तेव्हा कागदावरच विरली. ही गोष्ट ध्यानात ठेवावी, कारण पुढे ओकेफिनोकीच्या काठावरही तशीच एक कंपनी निघणार आहे.

युद्धात लोखंड सोन्याच्या भावाचं झालं होतं. ब्रन्सविक बंदरातून पश्चिमेकडे येणारा दुसरा एक लोहमार्ग नंबर नऊजवळ पोचला होता. त्याचे रूळ उखडून दुसरीकडे नेले गेले. पलीकडे फ्लोरिडातल्या एका रेल्वेचे रूळ काढून, दलदलीच्या पश्चिमेने लाइव्ह ओककडे जाणारा जोडमार्ग टाकण्यात आला. १८६४ च्या हिवाळ्यात उत्तरेच्या जनरल शर्मनची फौज सॅव्हानाकडे सरकू लागली, तेव्हा युद्धकैद्यांना याच मार्गाने आत हलवलं गेलं. नंबर नऊच्या अलीकडच्या ब्लॅकशिअर गावाजवळ सुमारे ५ हजार कैदी काही आठवडे उघड्यावर होते. ना भिंत, ना कुंपण. भोवती पहारा आणि त्यापलीकडे जंगल.

नंबर नऊला टिबो नावाच्या कॅप्टनावरून टिबोव्हिल हे नाव मिळालं होतं. युद्धानंतर ब्रन्सविकचा मार्ग पुन्हा बांधला गेला. त्या बांधकामाची भानगड वेगळ्या लेखाचा विषय आहे. कंपनीचा अध्यक्ष किंबॉल आणि राज्याचा गव्हर्नर बुलक यांनी सरकारी हमीचे रोखे उधळले आणि १८७१ मध्ये गव्हर्नर राज्य सोडून पळाला. पण रूळ राहिले. ते सॅव्हानाच्या रुळांना जिथे छेद देत, तिथेच १८७४ मध्ये नवं नगर नोंदलं गेलं. नाव वेक्रॉस, म्हणजे वाटांचा छेद. गावातल्या काही भाविकांनी त्यात क्रुसाची वाटही शोधली. दोन्ही अर्थ चालतात, तरी मी रुळांच्या बाजूचा.

एवढ्याने गाव मोठं होत नाही. दोन रेघा कुठेही एकमेकींना छेदतात. जंक्शनचं जंक्शनपण तिसऱ्या, चौथ्या फाट्याने येतं, हे मनमाडच्या फलाटावर रात्र काढलेल्या माणसाला सांगायला नको. तो फाटा आणला हेन्री प्लांटने. मूळचा कनेक्टिकटचा हा माणूस पार्सलच्या धंद्यातून वर आला होता. १८७९ मध्ये त्याने दिवाळ्यात निघालेली अटलांटिक अँड गल्फ लिलावात घेतली. त्याला फ्लोरिडा दिसत होता: संत्री, हिवाळ्यात ऊन शोधत येणारे श्रीमंत, पुढे क्यूबाला जाणाऱ्या बोटी. पण सॅव्हानाहून जॅक्सनव्हिलला जाणारा प्रवासी तेव्हा वेक्रॉसवरून पश्चिमेला जाई, दलदलीच्या पलीकडे दक्षिणेला वळे, लाइव्ह ओकला पोचे आणि तिथून पुन्हा पूर्वेला येई. नाकाला हात लावायचा तर मानेमागून.

प्लांटने १८८१ मध्ये वेक्रॉसवरून थेट जॅक्सनव्हिलला रूळ नेले. ही ‘वेक्रॉस शॉर्ट लाइन’. ती दलदलीतून गेली नाही. पूर्वेच्या त्या वाळूच्या उंचवट्याचा आधार घेत, कडेकडेने फोर्ट मज, रेसपाँड, फोकस्टन करत गेली. आता नकाशावर बोट फिरवा: वेक्रॉस, तिथून पश्चिमेचा मार्ग, लाइव्ह ओक, जॅक्सनव्हिल, फोकस्टन आणि परत वेक्रॉस. दलदलीभोवती रुळांचा वेढा पूर्ण झाला होता, आणि वेढ्याचं उत्तरेकडचं ठाणं होतं वेक्रॉस. १८८० मध्ये सहाशेच्या आसपास असलेली वस्ती १९१० मध्ये १४ हजारांच्या वर गेली.

वेढ्याच्या बाहेरचं जंगल आधी गेलं. लाँगलीफ पाइनच्या बुंध्यावर खाचा पाडून डिंक गोळा करायचा, भट्टीत उकळून टर्पेंटाइन आणि राळ काढायची, आणि झाड थकलं की कापून गिरणीला पाठवायचं. हे काम बहुतेक काळ्या मजुरांचं होतं. त्यातले काही मुकादमाच्या उधारीत अडकलेले, काही तर तुरुंगातून भाड्याने दिलेले कैदी. पिंपं आणि ओंडके वेक्रॉसवरून बंदरांकडे जात. हे सगळं कोरड्या जमिनीवरचं. आत सायप्रस उभा होता, शेकडो वर्षांचा, पाण्यात उभा राहूनही न कुजणारा. छपराच्या फळ्यांना, टाक्यांना, खिडक्यांना यापेक्षा चांगलं लाकूड नाही. व्यापाऱ्यांचा जीव त्यात अडकला होता.

पहिला हल्ला पाण्यावर झाला. १८९१ मध्ये जॉर्जिया सरकारने २ लाख ३८ हजार एकर दलदल एकरी साडेसव्वीस सेंटांनी सुवानी कॅनाल कंपनीला विकली. कंपनीचा प्रमुख हॅरी जॅक्सन, अटलांटाचा वकील. ट्रेल रिज फोडून कालवा काढायचा, पाणी सेंट मेरीजमध्ये सोडायचं, लाकूड काढायचं, मग सुकलेल्या तळावर ऊस, भात, कापूस. योजना कागदावर देखणी होती. वाफेवर चालणारे ड्रेजर कामाला लागले. त्यांनी दलदलीच्या आत साडेअकरा मैलांचा कालवा खणला. पण दांड्यातली वाळू खणली की ढासळे, पुन्हा खणली की पुन्हा ढासळे. कालवा पाणी बाहेर नेण्याऐवजी उलटा आतच आणतो, असंही लोक सांगत. १८९५ मध्ये जॅक्सन वारला. त्याच्या वडिलांनी काम आणखी थोडं रेटलं आणि १८९७ पर्यंत कंपनी बसली. लोकांनी कालव्याचं नाव ठेवलं ‘जॅक्सनचा वेडेपणा’. वकिलाला पाण्याचा उतार कळला नाही, असं म्हणणं सोपं आहे. त्या काळात तो कुणालाच नीट कळलेला नव्हता. त्याचं वेडेपण पैसे घालण्याइतकं खरं होतं, एवढंच.

दिवाळ्यातली जमीन हेबर्ड घराण्याकडे गेली. मिशिगनमध्ये लाकडात पैसा केलेलं, फिलाडेल्फियात राहणारं हे घराणं घाईचं नव्हतं. दलदल कोरडी करायची नाहीच, ओलीच राहू द्यायची आणि तिच्यावरून रेल्वे न्यायची, हे त्यांनी ठरवलं. वेक्रॉसच्या शेजारी हेबर्डव्हिल ही लाकूड-गिरणी उभी राहिली आणि १९०९ च्या सुमारास तिथून आगगाडी दलदलीकडे निघाली.

काठापर्यंत ती साधी होती. तिथून पुढे भराव घालून उपयोग नव्हता. पीटवर टाकलेली माती पीट गिळून टाकतो. म्हणून खांब. रुळांच्या टोकाशी एक यंत्र उभं राही, वाफेच्या जोराने वजन उचलून खांबाच्या डोक्यावर आपटत राही, आणि खांब कुजक्या थरातून खाली सरकत खालच्या वाळूत घट्ट बसे. मग शेजारी दुसरा, वर आडवं लाकूड, त्यावर रूळ. यंत्र त्याच रुळांवरून थोडं पुढे सरके आणि पुढच्या खांबावर घाव घाली. अशा पायावर शेकडो टनांच्या गाड्या काळ्या पाण्यावरून चालल्या. मुख्य मार्गाला दोन्ही बाजूंनी फाटे फुटले. झाडं तोडून तारेच्या दोरांनी रुळांपर्यंत ओढली जात. एका भागातलं लाकूड संपलं की तिथले रूळ काढून पुढच्या भागात. हेबर्ड आणि बाकीच्या कंपन्यांनी मिळून दलदलीतून ४३ कोटी बोर्ड फुटांच्या वर लाकूड काढलं असा हिशेब सांगतात. एक बोर्ड फूट म्हणजे फूटभर लांब, फूटभर रुंद आणि इंचभर जाड फळी. बाकीचा अंदाज ज्याने त्याने करावा.

या कामाचं केंद्र होतं बिलीज आयलंड, दलदलीच्या पोटातलं चार मैल लांब बेट. तिथे १८५० च्या दशकापासून ली घराणं राहत होतं. थोडी शेती, डुकरं, मासे, शिकार, अस्वलांशी हाडवैर. दलदलीत राहणाऱ्यांना ‘स्वॅम्पर’ म्हणत. त्यांच्याकडे एक रिवाज होता. संध्याकाळी होडी घराकडे वळली की पुरुष एक लांब, चढउतारांची आरोळी देई. शब्द नाहीत, नुसता स्वर. पाण्यावरून ती मैल-दीड मैल जाई आणि घरात कळे की माणूस सुखरूप आहे, चूल पेटवा. फ्रान्सिस हार्पर हा निसर्ग-अभ्यासक १९१२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या मंडळींबरोबर इथे पहिल्यांदा आला. तो आला किडे-प्राण्यांसाठी, आणि अडकला या माणसांत. पुढे अनेक वर्षं त्यांच्या आरोळ्या, गोष्टी, शब्द टिपत राहिला.

त्या आरोळीच्या बेटावर आगगाडीची शिटी वाजली. काही वर्षांत तिथे ६०० माणसं झाली. हॉटेल, दुकानं, शाळा, आणि चक्क सिनेमागृह. काळ्या मजुरांची घरं अर्थातच वेगळी. जिथे पिढ्यान्‌पिढ्या होडीशिवाय पोचता येत नसे, तिथे वेक्रॉसवरून गाडीत बसून जाता येऊ लागलं. कागदोपत्री मालकी कंपनीची होती; ली घराण्याकडे होते ते पाय रोवून काढलेले दिवस. कोर्टकचेरी झाली. १९२६-२७ मध्ये सायप्रस संपला. रूळ निघाले, माणसं गेली, सिनेमाही गेला. ली मंडळींनाही पुढे बेट सोडावं लागलं.

तोडलेल्या दलदलीतून आता जहाजांचा कालवा न्यायचा, असं घाटू लागलं तेव्हा हार्परची पत्नी जीन हिने १९३३ मध्ये थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं. तिला तो अधिकार होता. तरुणपणी तिने रूझवेल्टांच्या मुलांना शिकवलं होतं. अमेरिकेतही ओळख कामी येते. सरकारने हेबर्डांची जमीन एकरी दीड डॉलरच्या भावाने घेतली आणि ३० मार्च १९३७ रोजी ओकेफिनोकी राष्ट्रीय वन्यजीव आश्रयस्थान झाली. तिचा पहिला व्यवस्थापक कोण? जॉन हॉपकिन्स, हेबर्ड कंपनीचाच माणूस. ज्याने उभी झाडं मोजून तोडीचा हिशेब मांडला, त्याच्याकडेच उरलेली राखायला दिली. आणि खरं सांगायचं तर त्याच्याइतकी ती दुसऱ्या कुणाला ठाऊकही नव्हती.

गाव मात्र थांबलं नाही. १९०२ मध्ये प्लांटच्या रेल्वे अटलांटिक कोस्ट लाइनमध्ये विलीन झाल्या, आणि त्याच सुमारास सॅव्हानाच्या मार्गावरच्या जेसपवरून थेट फोकस्टनला नवा मार्ग टाकून न्यूयॉर्क-फ्लोरिडाच्या गाड्या वेक्रॉसला न शिवता जाऊ लागल्या. शॉर्ट लाइनलाही कुणीतरी शॉर्टकट काढलाच. पण इंजिनं दुरुस्त करणारं वर्कशॉप, मालाच्या गाड्या, शिकागोकडचे मार्ग हे सगळं वेक्रॉसकडे राहिलं. नट आणि नागरी हक्कांचा कार्यकर्ता ऑसी डेव्हिस याच गावात वाढला. त्याचे वडील लोहमार्ग बांधणारे होते. काळ्या माणसाने एवढं हुशारीचं काम करावं हे कू क्लक्स क्लॅन या वर्णद्वेषी संघटनेच्या लोकांना सहन झालं नाही आणि त्यांनी ठार मारण्याच्या धमक्या दिल्या. रूळ सगळ्यांसाठी सारखे नव्हते.

१९४१ मध्ये दिग्दर्शक रेन्वारचा ‘स्वॅम्प वॉटर’ हा चित्रपट पहिल्यांदा वेक्रॉसमध्येच दाखवला गेला, आणि त्या दशकाच्या शेवटी वॉल्ट केलीच्या, ओकेफिनोकीत घडणाऱ्या ‘पोगो’ या चित्रमालिकेतलं पोसम घरोघर पोचलं. शॉर्ट लाइनवरचा फोर्ट मजचा नगण्य थांबाही त्यातून अमर झाला. दलदल आता बघायला जायची जागा झाली. आज वेक्रॉसला प्रवासी गाडी थांबत नाही. तिथे राइस यार्ड आहे: वाघिणी एका टेकाडावर ढकलत नेतात आणि एकेक सोडून देतात. प्रत्येक वाघीण आपल्या वजनाने उतरत, सांधे बदलत, आपल्या गाडीच्या ओळीत जाऊन थडकते. २०२० च्या शिरगणतीत गावची लोकसंख्या १४ हजारांच्या किंचित खाली होती. म्हणजे १९१० पेक्षाही कमी.

दलदल कधीकधी आठवण देते की ती शेजारी आहे. १६ एप्रिल २००७ रोजी दुष्काळाने सुकलेल्या दिवसांत वेक्रॉसजवळ एक झाड विजेच्या तारेवर पडलं. ठिणगी दलदलीत शिरली. पीट वरून विझला तरी आतून धुमसत राहतो. आग जूनपर्यंत चालली; जॉर्जियाच्या इतिहासात एवढी मोठी आग आधी झालेली नव्हती. धुराने गाव आणि रस्ते झाकोळले.

बिलीज आयलंडवर आज पुन्हा होडीनेच जावं लागतं. पाइनखाली गंजलेलं लोखंड पडलेलं आहे, यंत्रांचे सांगाडे, कशाचा कुठला भाग ओळखू येत नाही असे पत्रे. रूळ नाहीत. त्यापासून थोडं पुढे, कुंपणाच्या आत, ली घराण्याचं कबरस्तान आहे. ते अजून नीट ठेवलेलं आहे.